पडद्यावरचा वर्ग, पाड्यावरचं काम

आरोग्य कर्मचाऱ्यांना ऑनलाइन शिकवावं की नाही, हा वाद कोविडनं निकालात काढला असं अनेकांना वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली ‘ओपनडब्ल्यूएचओ’ हे मोफत अभ्यासक्रमांचं व्यासपीठ सुरू केलं होतं. २०२० मध्ये तिथे जगभरातल्या लाखो माणसांनी नावं नोंदवली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भारत सरकारनं ‘आयगॉट’ या ऑनलाइन प्रशिक्षणाच्या व्यासपीठावरून डॉक्टर, नर्स, एएनएम यांच्यासाठी कोविडचे धडे सुरू केले. तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. साथ ओसरली, पण सवय राहिली. आता प्रत्यक्ष प्रशिक्षण घेणं शक्य असतानाही ‘लिंक पाठवली आहे, बघून घ्या’ असा निरोप जातो. म्हणून हा वाद आता कुठे नीट व्हायला हवा.

त्यासाठी इथे दोन माणसं समोरासमोर बसवली आहेत. दोघंही काल्पनिक आहेत. आत्या सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव भागात आधी आरोग्य सेविका आणि नंतर आरोग्य सहाय्यिका म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली. भाचा डॉक्टर; सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर शिक्षण घेऊन आता पुण्यातून आशिया-आफ्रिकेतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना ऑनलाइन शिकवतो.

भाचा: आत्या, मी गरजेपासून सुरुवात करतो. २०३० पर्यंत जगात १ कोटीहून अधिक आरोग्य कर्मचारी कमी पडतील, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे आणि ही तूट मुख्यतः गरीब देशांतली आहे. एवढ्यांना शिकवायला शिक्षक कुठून आणायचे? झांबियातल्या एखाद्या जिल्ह्यात लसीकरणाचं काम बघणारा अधिकारी घे. त्याला साथरोगशास्त्र शिकायचं तर लंडनला किंवा बाल्टिमोरला जाण्याइतके पैसे त्याच्याकडे नसतात. शिष्यवृत्ती मिळवून गेलाच, तर तिकडेच राहण्याची शक्यता मोठी. ऑनलाइन वर्गात तो आपली जागा न सोडता शिकतो. दिवसा दवाखाना, रात्री अभ्यास, आणि शिकलेलं दुसऱ्या दिवशी कामात.

आत्या: तुझ्या अधिकाऱ्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याच्याकडे टेबल आहे, दिवा आहे, आपलं म्हणावं असं यंत्र आहे. मी बोलतेय ती त्याच्या खाली पाच पायऱ्यांवर उभ्या असलेल्या बाईबद्दल. माझ्या भागातल्या आशाला, म्हणजे गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्तीला, तान्ह्या बाळाचे श्वास मोजायला शिकवायचंय. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल, तर धोका समजायचा. सांगायला एक ओळ. पण बाळ रडत असेल किंवा अंगावर पीत असेल तर मोजायचं नाही. फडकं बाजूला करायचं, पोटावर नजर ठेवायची, मिनिट पुरं होऊ द्यायचं. जास्त भरले तर परत मोजायचे. श्वास घेताना छाती आत ओढली जाते का, हे शंभरदा सांगून डोक्यात शिरत नाही. एकदा खऱ्या बाळावर दाखवलं की ती जन्मात विसरत नाही. मी तिच्या शेजारी बसायची. दोघी एकाच वेळी मोजायचो. तिचे ४८ यायचे, माझे ६२. मग पुन्हा दोघी मोजायचो. तुझ्या पडद्याला तिचे ४८ कसे कळणार?

भाचा: एकट्या पडद्याला कळणार नाहीत, मान्य. पण श्वासांचंच उदाहरण घेतलंस म्हणून सांगतो. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं आकडे मोजता न येणाऱ्या दाईंसाठी श्वासमापक केला. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. निरक्षर बाईसुद्धा त्यावर न्यूमोनिया ओळखू लागली. साधन शिकणाऱ्याच्या मापानं बेतलं की ते चालतं. मोबाइललाही हेच लागू आहे. बिहारमध्ये बीबीसी मीडिया अॅक्शननं २०१२ साली ‘मोबाइल अकॅडमी’ सुरू केली. त्याला स्मार्टफोन नको, इंटरनेट नको. साध्या फोनवरून नंबर लावायचा आणि ऐकायचं. सगळा मिळून २४० मिनिटांचा अभ्यासक्रम, ‘डॉ. अनिता’ नावाचं पात्र गोष्टी सांगतं, मध्येच प्रश्न विचारतं, उत्तर बटण दाबून द्यायचं. फोन कट झाला तर जिथे थांबलो तिथून पुढे. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं हा उपक्रम इतर राज्यांसाठीही उचलला. पाच पायऱ्या खाली उभ्या असलेल्या तुझ्या बाईसाठीच तो बनवला होता.

आत्या: ते चांगलंच झालं. ऐकायला मिळालेलं वाया जात नाही. पण ‘सर्च’चं नाव घेतलंस तर पुरतं घे. तिथल्या आरोग्यदूतांना शिकवून वाऱ्यावर सोडलं नव्हतं. नियमानं कुणी ना कुणी गावात जायचं, नोंदी बघायचं, चूक तिथल्या तिथे दुरुस्त करायचं. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा निकाल छापून आला. तुलनेच्या गावांच्या मानानं नवजात बाळांचं मृत्यूचं प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झालं होतं. शिकवणं आणि पाठीशी उभं राहणं, या दोहोंचा मिळून तो निकाल आहे. पुढे २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचं हेच काम देशभरातल्या आशांकडे आलं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ६ भेटी. त्याच्या शिक्षणाला पाच-पाच दिवसांच्या ४ फेऱ्या, म्हणजे २० दिवस ठरवून दिले. उद्या कुणी म्हणालं की हे २० दिवस व्हिडिओत बसवू, तर मी आडवी पडेन.

भाचा: मीही तुझ्या शेजारी आडवा पडेन. हातानं करायचं काम हातानंच शिकायला हवं. पण त्या २० दिवसांनंतर काय, ते सांग. वर्षभरानं त्यातलं किती आठवतं? नवी लस येते, औषधाची मात्रा बदलते, क्षयरोगाची उपचारपद्धती बदलते. दर वेळी पाड्यावरून तालुक्याला बोलावणार? पावसाळ्यात रस्ता बंद असताना?

आत्या: उजळणीला फोन चालेल. खरं तर फोनच बरा. पण आधी फोन कुणाचा, ते विचार.

भाचा: आकडे माझ्याकडेच आहेत आणि ते माझ्या बाजूचे नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया देशात साधारण ३३ टक्के निघाल्या आणि पुरुष ५७ टक्के. खेड्यात तर स्त्रिया जेमतेम २५ टक्के, पुरुष ४९. आरोग्याचं काम खाली जाईल तसतसं बायकांच्या हाती जातं आणि इंटरनेट खाली जाईल तसतसं बायकांच्या हातून सुटतं. हे अंतर खरं आहे. काही वर्षांत ते कमी होईल, एवढीच माझी आशा.

आत्या: फोन हातात आला तरी प्रश्न सुटत नाही. वेळ कुणाचा? समोरासमोरच्या प्रशिक्षणाला आशा आली की तिला प्रवासखर्च मिळतो, दिवसाचा भत्ता मिळतो, दोन वेळचं जेवण मिळतं. घरच्यांना कळतं की आज ही कामावर आहे. आणि ‘व्हिडिओ बघून घ्या’ म्हटलं की ते बघणार कधी? भाकरी-भांडी आवरून, पोरं झोपल्यावर, स्वतःच्या रिचार्जवर. त्या वेळेचा पैसा नाही, त्या डेटाचा पैसा नाही. वरच्या कार्यालयाचा खर्च वाचतो तो असा. वाचलेला प्रत्येक रुपया तिच्या झोपेतून आणि तिच्या पदराच्या गाठीतून गेलेला असतो. आशांना पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला आहे. त्यांच्या शिकण्याच्या तासाला मोलच धरलं नाही, तर तिथे अन्याय होतो.

भाचा: हे कुठल्याही नियोजनाच्या पहिल्या पानावर लिहायला हवं. शिकण्याचा तास हा कामाचा तास. ऑनलाइन असला तरी.

आत्या: आणि भाषा? मराठीत धडे असले की आपण म्हणतो झालं. माझ्या आशाच्या घरात पावरी बोलतात, पलीकडच्या पाड्यावर भिली. मेळघाटात कोरकू. मराठी ती शाळेत शिकलेली. वर्गात ती कळलं नाही तर शेजारणीला आपल्या बोलीत विचारते, शेजारीण सांगते. अर्धं प्रशिक्षण त्या कुजबुजीत होतं. व्हिडिओसमोर ती एकटी असते.

भाचा: आफ्रिकेत याहून कठीण आहे. अभ्यासक्रम इंग्रजीत, फार तर फ्रेंच किंवा पोर्तुगीजमध्ये. आपल्याकडे डॉ. श्याम अष्टेकरांनी ‘आरोग्यविद्या’ हे संकेतस्थळ मराठीतून उभं केलं, तसं काम प्रत्येक भाषेत व्हायला हवं. ऑनलाइनचा खर्च खरं तर इथे करायला हवा, आणि होतो तो चकचकीत चित्रीकरणावर. मी माझ्या बाजूची आणखी एक उणी गोष्ट सांगतो. हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा सहा वर्षांचा हिशेब २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी शेवटपर्यंत पोचले ३ टक्क्यांच्या आसपास. आणि विद्यार्थ्यांची वाढ झाली ती श्रीमंत देशांत. गरीब देशांतल्या विद्यार्थ्यांच्या नावानं सुरू झालेल्या गोष्टीचा लाभ आधीच शिकलेल्यांना जास्त झाला.

आत्या: मग तू अजून हे काम का करतोस?

भाचा: कारण दुसऱ्या पद्धतीनं केलेलं ऑनलाइन शिक्षण मी पाहिलंय, आणि ते टिकतं. दोन उदाहरणं देतो. मँचेस्टरचे प्राध्यापक रिचर्ड हेलर यांनी निवृत्तीनंतर ‘पीपल्स-युनि’ सुरू केलं. कल्पना साधी होती. सार्वजनिक आरोग्यावरचं उत्तम साहित्य नेटवर फुकट पडलंय. कमतरता आहे ती शिकणाऱ्याला उत्तर देणाऱ्या माणसाची. म्हणून त्यांनी वेगवेगळ्या देशांतले डॉक्टर, प्राध्यापक स्वयंसेवक म्हणून गोळा केले. विद्यार्थी बहुतेक आफ्रिकेतले आणि आशियातले, फी नाममात्र. विद्यार्थी आपल्या भागातला प्रश्न मांडायचा, शिक्षक त्यावर लिहायचा, दुसऱ्या देशातला सहाध्यायी त्यात भर घालायचा. तिथे व्हिडिओला फारसं महत्त्व नव्हतं. महत्त्व पत्रोत्तराला होतं.

दुसरं उदाहरण ‘प्रोजेक्ट इको’चं. न्यू मेक्सिको हे अमेरिकेतलं विरळ वस्तीचं, गरिबीनं गांजलेलं राज्य. तिथे हेपटायटिस सीचे तज्ज्ञ अल्बुकर्की शहरात. रुग्णांना भेटीसाठी सहा-आठ महिने थांबावं लागे. मूळचे भारतीय असलेल्या डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये रुग्णांना शहरात आणण्याऐवजी गावोगावच्या डॉक्टर-नर्सना आठवड्याला एकदा व्हिडिओवर एकत्र बसवलं. प्रत्येकानं आपल्या रुग्णाची हकिकत मांडायची, नाव न सांगता. तज्ज्ञानं आणि इतरांनी मिळून मार्ग सुचवायचा. पुढच्या आठवड्यात काय झालं ते पुन्हा सांगायचं. २०११ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ४०७ रुग्णांचा निकाल आला. विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के रुग्ण बरे झाले होते, गावातल्या केंद्रांत आणि तुरुंगांत ५८.२ टक्के. म्हणजे गावातला डॉक्टर तज्ज्ञाच्या तोडीचा झाला. आता भारतातही या पद्धतीनं वर्ग चालतात. बंगळूरच्या ‘निम्हान्स’नं मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीसाठी ती वापरली आहे.

आत्या: अरे, पण ही तर जामखेडची रीत! रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं. त्यांच्या ग्राम आरोग्य सेविका बहुतेक निरक्षर होत्या, त्यातल्या कित्येक दलित, कित्येक टाकलेल्या. आठवड्याला त्या केंद्रावर जमायच्या. आधी आपापल्या गावात काय घडलं ते सांगायच्या. कुणाची बाळंतीण अडली, कुणाच्या विहिरीचं पाणी बिघडलं, कोण ऐकत नाही. त्या हकिकतींमधूनच पुढचा धडा निघायचा. गावी जाऊन तो लोकांना शिकवायचा, आठवड्यानं परत येऊन काय झालं ते सांगायचं. तुझ्या अरोरांनी जे व्हिडिओवर केलं ते आरोळ्यांनी सतरंजीवर केलं होतं.

भाचा: म्हणजे आपलं भांडण सतरंजी की पडदा, याचं राहत नाही. शिकणाऱ्याची हकिकत वर्गात येते की नाही, यावर सगळं ठरतं.

आत्या: घाई करू नकोस. सतरंजीवर आणखी काही घडायचं. वेगवेगळ्या जातींच्या बाया एकत्र राहायच्या, एकत्र जेवायच्या. ज्या बाईनं आयुष्यात पाटलासमोर तोंड उघडलं नव्हतं, ती दुसरीचं ऐकून धीट व्हायची. गावात गेल्यावर तिला औषधापेक्षा धीर जास्त लागतो. पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देतात, तिथे जाऊन ‘हे थांबवा’ म्हणायचं, तेही सासूसमोर आणि भूमकासमोर, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूसमोर, याला माहिती पुरत नाही. भूमकाशी भांडून चालत नाही. त्याला बरोबर घ्यावं लागतं. हा धीर तिला दुसऱ्या बाईच्या खांद्याला खांदा लावून मिळतो. तो पडद्यातून येतो असं मला कुणी दाखवून दिलेलं नाही.

भाचा: पूर्ण येत नसेल. पण एकटेपणा कमी होतो, हे मी बघतो. डोंगरातल्या उपकेंद्रावर एकटाच असलेला समुदाय आरोग्य अधिकारी, दक्षिण सुदानातली नर्स, यांना आठवड्यातून एकदा आपल्यासारखीच अडचण असलेला माणूस भेटतो. त्याला मी लहान गोष्ट मानत नाही. आणि शिकण्याची दिशा उलटी करण्याची सोय पडद्यात सतरंजीपेक्षा जास्त आहे. २०१४ ते २०१६ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला आला, ११ हजारांहून अधिक माणसं गेली. विषाणूची माहिती जगातल्या मोठमोठ्या संस्थांकडे होती. लंडनच्या एका संस्थेनं २०१५ च्या सुरुवातीला त्यावर ऑनलाइन अभ्यासक्रमही काढला. पण मृतदेहाला अंघोळ घालण्याच्या, स्पर्श करून निरोप देण्याच्या रिवाजातून आजार पसरत होता, आणि नुसते आदेश देऊन लोक ऐकेनात. पथकं दिसली की प्रेतं लपवू लागले. मग कुटुंबाला, धर्मगुरूंना बरोबर घेऊन सुरक्षित आणि सन्मानानं दफन करण्याची पद्धत ठरवावी लागली. ते ज्ञान गिनी, लायबेरिया, सिएरा लिओनमधल्या गावांतून आलं. आज गिनीतला कर्मचारी ऑनलाइन वर्गात असेल, तर तो हे युगांडातल्या कर्मचाऱ्याला थेट सांगू शकतो. मध्ये लंडनची गरज नाही.

आत्या: सांगू दिलं तर. तुमचे किती वर्ग असे आहेत, जिथे गिनीतला माणूस बोलतो आणि लंडनचा ऐकतो?

भाचा: थोडे. फार थोडे. ते वाढावेत म्हणूनच मी यात आहे.

आत्या: बरं. मग आता मोजायचं कसं, ते सांग. तुमच्याकडे यश म्हणजे किती जणांनी नाव नोंदवलं, किती प्रमाणपत्रं छापली. जिल्ह्याच्या अहवालात ‘शंभर टक्के प्रशिक्षित’ लिहिलं की विषय मिटतो. बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेनं काय केलं होतं माहितीय ना?

भाचा: जुलाबावरच्या मीठ-गूळ-पाण्याचं? सांग, तुझ्या तोंडून ऐकू दे.

आत्या: १९८० ते १९९० या दहा वर्षांत ब्रॅकच्या बाया घरोघर गेल्या. तब्बल १ कोटी २० लाख घरं. तीन बोटांच्या चिमटीएवढं मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. सांगायचं, करून दाखवायचं आणि आईकडून करून घ्यायचं. पण खरी गंमत पुढे आहे. काही दिवसांनी दुसरंच कुणीतरी त्यातल्या काही घरी जायचं. आईला काय आठवतं ते विचारायचं, तिच्याकडून पाणी बनवून घ्यायचं, आणि त्याचा नमुना मिठाच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवायचं. आईला जितकं आलं, तितका शिकवणारीला पैसा. शिकवणारीचं यश शिकणारीच्या हातातल्या भांड्यात मोजलं. आणि एवढं करूनही सुरुवातीला आया ते पाणी वापरत नव्हत्या. पाठ होतं, विश्वास नव्हता. शोध घेतला तेव्हा कळलं की शिकवणाऱ्यांपैकीच अनेकींचा त्यावर विश्वास नव्हता. मग त्यांना ढाक्याच्या कॉलऱ्याच्या रुग्णालयात नेऊन मरणाच्या दारातून उठलेली माणसं दाखवली. गावात पुरुषांशीही बोलायला सुरुवात केली. मग वापर वाढला. आता सांग, तुझ्या कुठल्या अभ्यासक्रमानं शेवटच्या घरी जाऊन पाणी चाखलंय?

भाचा: प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर बहुतेकांना अडचणीचं आहे. आपण परीक्षा घेतो ती पडद्यावरच, चार पर्यायांतून एक निवडायची. ती पास होणारा माणूस बाळाचे श्वास चुकीचे मोजत असेल, तरी आपल्याला कळत नाही. पण हेही बघ, ब्रॅकनं जे मोजलं ते कोणत्याही शिक्षणाला लागू आहे. आशांच्या समोरासमोरच्या प्रशिक्षणातही किती ठिकाणी नंतर घरी जाऊन मोजतात? हजेरीपुस्तकावर सह्या, चहा-नाश्ता, सामूहिक फोटो, आणि संपलं, असे वर्गही असतात ना?

आत्या: असतात. सगळ्या सतरंज्या जामखेडच्या नसतात, हे मी नाकारत नाही. वाईट शिकवणं दोन्हीकडे आहे. फरक इतकाच की वाईट वर्गातही बाई उठून हात वर करू शकते. तिचा चेहरा बघून एखाद्या सिस्टरला कळतं की हिला समजलेलं नाही.

भाचा: मग चांगलं दोन्हीकडचं एकत्र कसं आणायचं, याचं एक उदाहरण केनियात आहे. तिथे एनरोल्ड नर्स, म्हणजे कमी मुदतीचं शिक्षण झालेल्या, हजारोंच्या संख्येनं होत्या. त्यांना रजिस्टर्ड नर्सच्या दर्जाला आणायचं होतं. सगळ्यांना कॉलेजात बोलावलं असतं तर दवाखाने ओस पडले असते आणि काही पिढ्या गेल्या असत्या. ‘अॅम्रेफ’ या आरोग्य संस्थेनं २००५ मध्ये केनियाच्या नर्सिंग कौन्सिलबरोबर ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केला. संगणक रुग्णालयांत आणि नर्सिंग कॉलेजांत बसवले; नर्सनं स्वतःचा विकत घ्यायची गरज नव्हती. सिद्धांत पडद्यावर, हातानं करायचं काम वॉर्डात अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली. शेवटी कौन्सिलची तीच परीक्षा, जी कॉलेजात शिकलेल्यांना. त्यामुळे पात्रता खरी मिळाली. पुढे बढतीचा मार्ग खुला झाला. शिकणाऱ्याला काही मिळणार असेल, तर ती शेवटपर्यंत टिकते. हार्वर्ड-एमआयटीच्या त्या हिशेबातही पैसे भरून प्रमाणपत्रासाठी बसलेल्यांपैकी ४६ टक्के पूर्ण करून गेले होते.

आत्या: हे मला पटलं. आपल्याकडची आशा वर्षानुवर्षं शिकते, पण त्या शिक्षणाची शिडी कुठे पोचते? दहावी झालेल्या, दहा-पंधरा वर्षं काम केलेल्या आशाला नर्सिंगला जायची वाट सोपी करा. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठासारखं विद्यापीठ १९८९ पासून आपल्या राज्यात आहे. घरी राहून, काम करत शिकणाऱ्यांसाठीच ते निघालं. तुझ्या पडद्याचा मला खरा उपयोग दिसतो तो इथे.

भाचा: मग सांग, आपण कुठे येऊन थांबलो?

आत्या: माझ्याकडून तीन अटी लिहून घे. पहिली, पडद्यापलीकडे माणूस हवा. त्यानं शिकणारीला विचारलं पाहिजे की तुझ्या पाड्यावर या आठवड्यात काय झालं, आणि तिचं उत्तर ऐकून पुढचा धडा बदलला पाहिजे. दुसरी, तिच्या वेळेचा आणि डेटाचा पैसा द्या, आणि शिक्षण तिला पुढच्या पायरीवर नेणारं असू द्या. तिसरी, मोजायचं ते तिच्या हाताचं काम. नावनोंदणी नको, प्रमाणपत्रांचा ढीग नको. आशांवर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकानं तिच्या शेजारी बसून श्वास मोजावेत, आणि तो आकडा अहवालात यावा.

भाचा: तिन्ही मान्य. पण एक गोष्ट मी सोडणार नाही. ज्या अभ्यासक्रमाच्या पलीकडे माणूस नाही, तोही नेटवर खुला राहिला पाहिजे. डेव्हिड वर्नर यांचं ‘व्हेअर देअर इज नो डॉक्टर’ मेक्सिकोच्या डोंगरी खेड्यांतल्या कामातून आलं. त्याच्यासोबत कुणी शिक्षक जात नव्हता. तरी ते पुस्तक कितीतरी भाषांत गेलं आणि जगभरच्या खेड्यांत लोक त्याच्या आधारानं शिकले. उद्या एखादी जिद्दी नर्स रात्री दोन वाजता एकटीनं काही शोधत असेल, तर तिला दार बंद मिळू नये.

आत्या: दार उघडं ठेव. ग्रंथालय असावंच, मोठं असावं, फुकट असावं, तिच्या बोलीत असावं. पण त्याला प्रशिक्षण म्हणून तिच्या नावापुढे बरोबरची खूण करू नकोस. ती खूण केली की सरकारची जबाबदारी संपते आणि सगळा दोष तिच्यावर येतो. बाळ दगावलं तर म्हणतील, हिला तर शिकवलं होतं.

भाचा: हा फरक मी माझ्या लोकांपर्यंत नेईन. आमच्यात तो फारसा केला जात नाही.

आत्याच्या शेवटच्या मुद्द्यात मला या विषयाचं मर्म दिसतं. ऑनलाइन शिक्षणाचं समर्थन बहुतेक वेळा खर्चाच्या भाषेत होतं. इतक्या कमी पैशांत इतकी माणसं. हा हिशेब करताना वाचलेला पैसा कुठे गेला, हे मात्र कुणी विचारत नाही. सभागृहाचं भाडं, प्रवासभत्ता, मुक्कामाचा खर्च वाचला. तो पैसा शिकणाऱ्यांसाठीच ठेवलेला होता. त्यातून दर वीस-पंचवीस कर्मचाऱ्यांमागे एक अनुभवी शिक्षक नेमता येईल. तो आठवड्याला त्यांच्याशी बोलेल आणि महिन्यातून एकदा त्यांच्या गावात जाऊन शेजारी बसेल. शिकण्याच्या तासांचा मोबदला देता येईल. पावरी, भिली, कोरकूत धडे करता येतील आणि ते करण्याचं काम त्या भाषा बोलणाऱ्या आशांनाच देता येईल. हे झालं तर पडदा सातपुड्यातल्या बाईच्या कामाचा आहे आणि झांबियातल्या अधिकाऱ्याच्याही.

नाही झालं, तर गरीब देशांना स्वस्त शिक्षण दिल्याचं समाधान श्रीमंत देशांना आणि वरच्या कार्यालयांना मिळेल, आणि त्याची किंमत मोजेल ती सगळ्यात कमी मोबदला घेणारी बाई. म्हणून यापुढे कुठल्याही आरोग्य विभागानं, विद्यापीठानं किंवा संस्थेनं ऑनलाइन अभ्यासक्रम जाहीर केला, की किती जणांनी नाव नोंदवलं हे विचारण्याआधी आपण विचारावं: शिकणाऱ्याला उलट प्रश्न विचारायला पलीकडे कोण बसलंय, आणि त्याच्या पगाराची तरतूद केली आहे का?